ओटेन प्रकरण : विद्यार्थ्यांचा राग आणि गुरुजनांचा संयम



शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठाऊक नाही असा मनुष्य या सभेत सापडणे कठीण. वर्गात टरफले पडलेली आहेत, मास्तर सर्वांनाच ती उचलायला सांगत आहेत, आणि बाळ टिळक उभा राहून म्हणतो आहे की मी शेंगा खाल्लेल्या नाहीत, तेव्हा टरफले उचलणार नाही. ही गोष्ट अस्सल किती आणि मागाहून रचलेली किती, या वादात मी शिरत नाही. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो आहोत आणि सांगताना आपला ऊर भरून येतो, एवढे खरे. आता कल्पना करा की उद्या आपल्याच चिरंजिवांच्या शाळेतून चिठ्ठी आली आणि तीत लिहिलेले आहे की, आपल्या मुलाने भरवर्गात शिक्षकांना असे असे उत्तर दिले. ती चिठ्ठी वाचून आपला ऊर भरून येईल काय? बहुतेक घरांत चिरंजिवांचा कान पिरगळला जाईल.

म्हणजे उद्धटपणा कोणता आणि बाणेदारपणा कोणता, हे आपण बहुधा पन्नास वर्षांनी ठरवतो, आणि तेही मुलगा पुढे कोण झाला हे पाहून ठरवतो. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला ही सवलत नसते. त्याला त्या क्षणी ठरवावे लागते. समोरच्या मुलालाही त्या क्षणीच ठरवावे लागते, आणि त्याचे रक्त तर अधिक तापलेले असते. शिक्षक बोलत असताना भ्रमणध्वनीत डोके घालून बसणारी, मधेच उठून जाणारी, टोकले की उलट बोलणारी मुले यांविषयी हल्ली आपण पुष्कळ ऐकतो. मानसशास्त्रज्ञ त्यावर ‘भावनांचे नियमन’ अशा भारदस्त नावाखाली लिहीतही असतात. मी इतिहासाचा अभ्यासक. माझ्याजवळ उपाय नाही. माझ्याजवळ एक प्रकरण आहे. ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १९१६ साली घडले, आणि त्यात ज्याला शिक्षा झाली त्या विद्यार्थ्याचे नाव सुभाषचंद्र बोस होते. ते नाव क्षणभर बाजूला ठेवून हे प्रकरण ऐकावे अशी माझी विनंती आहे. कारण त्या नावाचे तेज मधे आले की टरफलांच्या गोष्टीप्रमाणेच आपला निवाडा आधीच होऊन बसतो.

प्रथम स्थळ. प्रेसिडेन्सी कॉलेज हे बंगालमधील सरकारी शिक्षणाचे मुकुटमणी. मूळचे हिंदू कॉलेज. १८५५ पासून सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेज. शिकवणाऱ्यांत दोन जाती होत्या, आणि जाती हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. एक भारतीय शिक्षण सेवेतील, म्हणजे बहुतेक सारे इंग्रज. दुसरी प्रांतिक सेवेतील, म्हणजे बहुतेक सारे देशी. पगार वेगळे, मान वेगळा. रसायनशास्त्राचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखा मनुष्य प्रांतिक सेवेत, आणि विलायतेहून नुकताच उतरलेला तरुण वरच्या सेवेत, असा हा न्याय. याच कॉलेजात १८८५ साली जगदीशचंद्र बोस रुजू झाले, तेव्हा गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, आणि या तीन वर्षांत एक तासही चुकवला नाही. अखेर सरकारने त्यांचा अधिकार मान्य करून मागची बाकी चुकती केली. रागाचे याहून सुंदर नियमन मला ठाऊक नाही. मात्र त्याला एक अट होती, ती ध्यानात ठेवावी : तिसऱ्या वर्षाअखेर का होईना, पण दार उघडले.

आता पात्रे. एडवर्ड फार्ले ओटेन हे इतिहासाचे प्राध्यापक, वय बत्तिशीच्या आतबाहेर, वाङ्मयाचे रसिक. हिंदुस्थानात राहून इंग्रजीत लिहिणाऱ्या इंग्रजांच्या वाङ्मयावर त्यांचे एक पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध झालेले होते. मनुष्य दुष्ट नव्हता. परंतु ग्रीकांनी जसे रानटी लोकांना सुधारले तसे इंग्रजांनी हिंदी लोकांना सुधारावयाचे आहे, अशा आशयाचे काही ते विद्यार्थ्यांपुढे बोलले अशी तक्रार होती, आणि ती विद्यार्थ्यांच्या मनात सलत होती. प्रिन्सिपल हेन्री रोशर जेम्स हे तर शिक्षणाचा विचार करणारे गृहस्थ. हिंदुस्थानातील शिक्षण आणि राजनीती या विषयावर त्यांनी १९११ साली ग्रंथ लिहिला. कॉलेजचे मासिक त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाले. आणि प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडावा व प्रिन्सिपलने त्यांच्याशी विचारविनिमय करावा अशी पद्धतही त्यांच्या काळी कॉलेजात होती. त्या काळच्या सरकारी कॉलेजात ही गोष्ट लहान नव्हे. तिसऱ्या वर्षाचा, तत्त्वज्ञान घेतलेल्या वर्गाचा प्रतिनिधी होता सुभाष, वय एकोणीसला काही दिवस कमी. वृत्तीने हा मुलगा दंगेखोर मुळीच नव्हता. विवेकानंदांच्या ग्रंथांनी भारलेला, एकदा घरी न सांगता गुरूच्या शोधात उत्तर हिंदुस्थान पालथा घालून आलेला, शंकराचार्यांच्या मायावादात मुरलेला, असा तो होता. जग ही माया आहे असे मानणाऱ्या मुलाला व्हरांड्यातल्या धक्काबुक्कीने काय फरक पडावा? पण पडला, आणि ते पुढे येईलच.

१० जानेवारी १९१६. ओटेन यांचा तास चालू होता. बाहेरच्या व्हरांड्यातून विद्यार्थ्यांचा एक घोळका गेला, गलका झाला. ओटेन संतापून बाहेर आले आणि पुढे असलेल्या मुलांना त्यांनी हाताने मागे ढकलले. घटना एवढीच. या सभेत जे शिक्षक बसले असतील त्यांना ओटेन यांचा संताप परका वाटणार नाही. शिकवण्याची लय लागलेली असताना बाहेरचा गोंगाट कानांवर आदळला की काय होते हे ज्याने शिकवले त्यालाच कळते. मुलांनी गलका करावयास नको होता, हेही उघड आहे. पण ढकलणारा हात गोरा होता आणि ढकलली गेलेली छाती काळी होती. १९०५ च्या वंगभंगापासून, विद्यार्थ्यांना चळवळीपासून दूर ठेवण्यासाठी निघालेल्या कार्लाइल परिपत्रकापासून, बंगालच्या विद्यार्थ्यांच्या मनात जे साठत आले होते ते त्या एका धक्क्याने हलले. ट्रामगाडीत, रस्त्यात, आगगाडीत साहेब लोकांकडून होणारे लहानलहान अपमान हा कलकत्त्यातील रोजचा अनुभव होता. सुभाषबाबूंनी आपल्या आत्मचरित्रात त्यांची आठवण मुद्दाम नमूद केली आहे.

मुलांनी काय केले? येथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते सबंध प्रकरणाचे मर्म येथे आहे. त्यांनी हात उचलला नाही. सुभाष ग्रंथालयात होता; बातमी कळताच तो वर्गप्रतिनिधी या नात्याने थेट प्रिन्सिपलकडे गेला आणि ओटेन यांनी क्षमा मागावी अशी मागणी त्याने केली. म्हणजे रागाला कॉलेजने स्वतः आखून दिलेल्या वाटेने तो राग चालत गेला. जेम्स म्हणाले की ओटेन हे भारतीय शिक्षण सेवेतील गृहस्थ. त्यांच्यावर मी सक्ती करू शकत नाही. शिवाय त्यांनी कोणाला मारले किंवा ढकलले नाही, नुसते हाताला धरले, आणि हाताला धरणे म्हणजे काही अपमान नव्हे.

जेम्स यांच्यासारख्या विचारी मनुष्याने हे उत्तर द्यावे याचे मला आजही नवल वाटते. प्रतिनिधी निवडण्याची पद्धत चालवायची, आणि प्रतिनिधी पहिल्यांदाच खरे गाऱ्हाणे घेऊन आला की त्याला शब्दाचा कीस काढून दाखवायचा! ढकलले की धरले, हा प्रश्न वकिलाचा झाला. मुलाच्या मनात प्रश्न निराळाच असतो : मला लागले हे तुम्हाला दिसले का? जेम्स एवढेच म्हणते की, ‘बरे झाले सांगितलेत, मी ओटेन यांच्याशी बोलतो’, तर दुसऱ्या दिवशीचा संप झाला असता की नसता, सांगवत नाही. परंतु सुभाष त्या खोलीतून निराळ्या चेहऱ्याने बाहेर पडला असता.

दुसऱ्या दिवशी संप झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात असा संप यशस्वी होणे ही कलकत्त्यातील मोठीच खळबळ. प्रफुल्लचंद्र रायांसारखे लाडके प्राध्यापक समजूत घालायला गेले. मुलांनी ऐकले नाही. याचा अर्थ मुलांचे त्यांच्यावर प्रेम नव्हते असा नव्हे. देण्यासारखे त्यांच्या हाती काही नव्हते, आणि रिकाम्या हाताने केलेली समजूत मुलांना चटकन ओळखू येते. प्रिन्सिपलांनी गैरहजर राहिलेल्या सर्वांना दंड ठोठावला. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस मात्र एक चांगली गोष्ट घडली. ओटेन यांच्यावर वजन आणले गेले असे म्हणतात. ते काहीही असो, त्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि दोन्ही बाजूंचा मान राहील अशी तडजोड केली. तिसऱ्या दिवशी तास सुरळीत भरले. झाले गेले विसरून जावे अशीच साऱ्यांची भावना होती. या प्रकरणात वडीलधाऱ्या मंडळींपैकी एका मनुष्याने आपला राग गिळून एक पाऊल पुढे टाकले, आणि तो मनुष्य ओटेन हा होता, हे आपल्या बाजूच्या इतिहासकारांनी फारसे सांगितलेले नाही.

आता साहजिकच अपेक्षा अशी की तडजोड झाली, तेव्हा दंडही रद्द होईल. जेम्स तसूभर हलले नाहीत. ज्याची गरिबी सिद्ध होईल त्याला सूट. बाकीच्यांनी दंड भरलाच पाहिजे. विद्यार्थ्यांनी विनवले, प्राध्यापकांनी विनवले, व्यर्थ. शिस्तीचा प्रश्न होता. शिस्त हा शब्द या प्रकरणात इतक्या वेळा येतो की तो ऐकला की मला धास्ती वाटू लागते. भांडणारे दोघे हात मिळवून मोकळे झाले, आणि तिसरा, ज्याच्याशी भांडणच नव्हते, तो दंडाची पावती फाडत बसला!

मुले दंड भरून गप्प बसली. महिनाभर कॉलेज शांत होते. वरून पाहणाऱ्याला वाटले असेल की शिस्त बसली. या शांततेविषयी मानसशास्त्राने अलीकडे एक उपयुक्त गोष्ट सांगितली आहे. अमेरिकेतील जेम्स ग्रॉस या शास्त्रज्ञाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांना शस्त्रक्रियेचा, किळस यावी असा चित्रपट दाखवला. काहींना सांगितले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितले, आपण एखाद्या वैद्याच्या अलिप्त नजरेने पाहतो आहोत असे समजून पाहा. पहिल्यांनी चेहरे कोरे ठेवले खरे. पण त्यांची किळस कमी झाली नाही, आणि त्यांच्या शरीरातील खळबळ मोजली तेव्हा ती, काहीच न सांगितलेल्या लोकांपेक्षाही, वाढलेली आढळली. दुसऱ्यांची किळसच उणावली होती. राग दाबणे आणि राग शमणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. आता त्याला मोजमाप मिळाले. जानेवारी आणि फेब्रुवारी यांच्या मधल्या त्या महिन्यात प्रेसिडेन्सी कॉलेजातील मुलांचे चेहरे कोरे होते.

मग बातमी आली की ओटेन यांनी पुन्हा एका विद्यार्थ्यावर हात टाकला. या वेळी पहिल्या वर्षाच्या. प्रिन्सिपलकडे जावे तर काय उत्तर मिळणार ते ठाऊक. संप करावा तर दंड ठरलेला. दोन्ही वाटा एकदा चालून पाहिलेल्या होत्या आणि दोन्ही भिंतीपाशी जाऊन थांबत होत्या. १५ फेब्रुवारीला दुपारी, कॉलेजच्या जिन्यापाशी, ओटेन यांना विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याने गाठले आणि खाली पाडून मारले.

या कृत्याविषयी माझे मत मी स्पष्ट सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने गैरसमज होऊ नये. अनेकांनी मिळून एकट्या मनुष्याला मारणे यात मला पराक्रम दिसत नाही, मग तो मनुष्य गोरा असो, काळा असो, प्राध्यापक असो की हमाल असो. मागून हल्ला केला, जिन्यावरून ढकलून दिले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. सुभाषबाबूंनी १९३७ साली ऑस्ट्रियात बाडगास्टाइन येथे लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्रात ते साफ नाकारले आहे : मागून एकच फटका बसला, पाडणारे सारे समोर होते, आणि मी हे डोळ्यांनी पाहिले, असा त्यांचा जबाब आहे. स्वतःचा हात त्यात होता की नव्हता हे त्यांनी सांगितलेले नाही. आपल्याकडे नाटकासिनेमांत सुभाष ओटेनच्या श्रीमुखात भडकावतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. त्याला खुद्द सुभाषबाबूंच्या लेखणीचा आधार नाही. मारणारे समोर होते म्हणून मार कमी होतो असेही नाही. तेव्हा मारहाण वाईट. पण वाईट म्हणून ती अनाकलनीय ठरत नाही.

पुढचा अंक पाहण्यासारखा आहे. सरकारने तडकाफडकी पत्रक काढले, कॉलेज बंद केले आणि चौकशी समिती नेमली. हे सारे प्रिन्सिपलच्या डोक्यावरून झाले. जेम्स यांचा स्वाभिमान दुखावला. आपल्या कॉलेजविषयी आपल्याला न विचारता हुकूम निघतो म्हणजे काय! ते शिक्षणखाते सांभाळणाऱ्या सरकारी सभासदाच्या घरी गेले आणि तेथे त्यांनी असा काही तमाशा केला की दुसऱ्या दिवशी नवे पत्रक निघाले : सभासदांचा घोर वैयक्तिक अपमान केल्याबद्दल प्रिन्सिपल जेम्स यांना निलंबित करण्यात येत आहे!

श्रोतेहो, नियतीला विनोदबुद्धी असते असे म्हणतात ते खोटे नाही. महिन्यापूर्वी, वरिष्ठाने अपमान केला म्हणून दाद मागायला आलेल्या मुलांना हे गृहस्थ संयम शिकवत होते. तोच प्रसंग स्वतःवर आला तेव्हा पन्नाशीच्या घरातील, ग्रंथकार, शिक्षणतज्ज्ञ अशा मनुष्याला तो चोवीस तासही साधला नाही. मी हे जेम्स यांची टवाळी करण्यासाठी सांगत नाही. किंबहुना त्या क्षणी ते मला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सर्वांत जवळ आलेले दिसतात. मुलांना काय झाले असेल हे त्या दिवशी त्यांना आतून कळले असणार. पण ते ज्ञान कोणाच्या उपयोगी पडले नाही. कारण अधिकार हातचा जाण्यापूर्वी त्यांनी एक काम उरकले. आपल्या काळ्या यादीतील विद्यार्थ्यांना बोलावले; सुभाष पुढे येताच, कॉलेजातील सर्वांत त्रासदायक मनुष्य तूच, असे गुरगुरून त्याला निलंबित केल्याचे सांगितले. सुभाषने आभार मानले आणि तो घरी गेला. मायावाद त्या क्षणी मनातून पार निघून गेला, असे त्याने पुढे लिहिले आहे. निवडलेल्या दोन वाक्यांच्या त्या संवादात अधिक संयमी कोण होते? आभार मानणाऱ्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलात शांतपणा अधिक होता की उद्धटपणा अधिक होता, हे मला अनेक वर्षे विचार करूनही ठरवता आलेले नाही, आणि वर्गातील उद्धटपणावर चटकन निर्णय देणाऱ्यांना मी हा प्रश्न नेहमी घालतो.

चौकशी समितीचे अध्यक्ष होते सर आशुतोष मुखर्जी, कलकत्ता विद्यापीठाचे माजी कुलगुरू, बंगालचा वाघ म्हणून ओळखले जाणारे. सभासदांत शिक्षणखात्याचे संचालक हॉर्नेल होते, सिटी कॉलेजचे प्रिन्सिपल हेरंबचंद्र मैत्र होते. सुभाषला विद्यार्थ्यांची बाजू मांडायची होती. सरळ प्रश्न आला : ही मारहाण समर्थनीय वाटते काय? त्याने उत्तर दिले की समर्थनीय नव्हती, परंतु विद्यार्थ्यांना फार मोठी चिथावणी मिळाली होती. आणि मग गेल्या काही वर्षांतील गोऱ्या प्राध्यापकांच्या वागणुकीचा पाढा त्याने क्रमाने वाचला. हितचिंतक हळहळले. बिनशर्त निषेध केला असता तर सुटला असता, असे म्हणाले. त्याने अर्धे वाक्य गाळायचे नाकारले. कॉलेजच्या एका शिपायाने ज्यांना ओळखले त्यांत अनंगमोहन दाम आणि सुभाष होते. अहवालात विद्यार्थ्यांच्या बाजूने चांगला शब्द नव्हता, आणि नाव घेऊन उल्लेख आपल्या एकट्याचाच होता, अशी सुभाषबाबूंची नोंद आहे. दुसऱ्या कॉलेजात शिकण्याची परवानगी विद्यापीठाने नाकारली. मार्चअखेरच्या एका रात्री तो आगगाडीच्या फळीवर पडून कटकला निघाला.

त्याच सुमारास एका मनुष्याने लेखणी उचलली. रवींद्रनाथ ठाकुरांचा ‘छात्रशासनतंत्र’ हा निबंध १९१६ च्या वसंतात ‘सबुजपत्रा’त आला, आणि इंग्रजी रूपाने ‘मॉडर्न रिव्ह्यू’त. रवींद्रनाथांनी मारहाणीची वकिली केली नाही. त्यांचा रोख वयाकडे होता. बालपणाच्या कवचातून मनुष्य बाहेर येत असतो तेव्हा त्याचे मन उघडे असते. थोडासा अनादर त्याच्या हाडापर्यंत जातो आणि थोडेसे प्रेम त्याचे आयुष्य रंगवून टाकते. अशा वयाच्या मुलांवर ज्यांना राज्य करायचे आहे त्यांनी तुरुंगाची किंवा कवायतीची चाकरी पत्करावी, मुलांचे गुरू होण्याच्या भरीस पडू नये, असा त्या निबंधाचा आशय. स्वतः लहानपणी शाळेला विटून शाळा सोडलेल्या आणि शांतिनिकेतनात १९०१ पासून मुलांना झाडाखाली शिकवीत असलेल्या मनुष्याचे हे मत होते. सरकारी समितीचा अहवाल आज अभ्यासकच उघडतात. हा निबंध अजून वाचला जातो.

कटकला सुभाषचे काय झाले? वडील जानकीनाथ मोठे सरकारी वकील. मुलगा कॉलेजातून काढून टाकला जाऊन परत आलेला. आपल्याकडच्या कोणत्याही घरात काय वादळ झाले असते याची कल्पना करा. जानकीनाथांनी कॉलेजातील प्रकाराविषयी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मी या मौनाला फार महत्त्व देतो. हे दुर्लक्षाचे मौन नव्हते. ते विश्वासाचे होते, आणि मुलाला ते तसे कळले. रिकामा वेळ मिळाला तसा सुभाष पटकीच्या रुग्णांची शुश्रूषा करू लागला. इस्पितळाच्या पटकीच्या वॉर्डात शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. मित्रांना घेऊन तो तेथे काम करी. कलकत्त्यात ज्या ऊर्मीने संप घडवला तीच ऊर्मी येथे रुग्णांची घाण काढीत होती. लष्करात भरती होण्यासाठीही त्याने प्रयत्न केला. दृष्टी अधू म्हणून तो फसला.

१९१७ साली बंदी उठली आणि सुभाष स्कॉटिश चर्चेस कॉलेजच्या दारात उभा राहिला. तेथील प्रिन्सिपल डॉ. अर्कहार्ट हे स्कॉटलंडचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, मिशनरी. सुभाषने जाऊन सरळ सांगितले की मी काढून टाकलेला विद्यार्थी आहे, मला तत्त्वज्ञान शिकायचे आहे. अर्कहार्टांनी ऐकून घेतले. प्रेसिडेन्सीच्या नव्या प्रिन्सिपलांची हरकत नसल्याचे पत्र आणायला सांगितले, आणि ते येताच प्रवेश दिला. पुढली दोन वर्षे या मुलाची एक तक्रार आली नाही. १९१९ साली तो तत्त्वज्ञानात पहिल्या वर्गात दुसरा आला. अर्कहार्टांच्या समंजस वागणुकीचे त्याने आत्मचरित्रात कौतुक केले आहे. तेही गोरेच होते, राज्यही तेच होते, मुलगाही तोच होता. तेव्हा सारे काही वंशाभिमानावर ढकलून हे प्रकरण मिटवता येत नाही, आणि सारे काही मुलाच्या स्वभावावर ढकलूनही मिटत नाही. बदलले होते ते ऐकून घेणारे कान.

येथे कोणी म्हणेल की मग काढून टाकले हेच बरे झाले. नेतृत्वाची पहिली चव सुभाषबाबूंना त्यानेच दिली. त्यांनी स्वतःच लिहिले आहे की प्रिन्सिपलने मला घालवले, पण माझे भवितव्य घडवले. हा युक्तिवाद मला रुचत नाही. एका सुभाषचे घडले म्हणून त्याच्याबरोबर हाकलल्या गेलेल्यांचे काय झाले हे विचारायचे नाही, असे होत नाही. अनंगमोहन दामचे नाव या सभेत आज किती जणांनी पहिल्यांदा ऐकले?

ओटेन हिंदुस्थानातच राहिले आणि पुढे बंगालच्या शिक्षणखात्याचे संचालक झाले. सुभाषबाबू १९२४ साली पकडले गेले आणि १९२५ च्या आरंभी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात पोचले. त्याच तुरुंगात लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ पर्यंतची सहा वर्षे काढली होती, हे सुभाषबाबूंच्या मनात सतत असे. टरफले न उचलणारा मुलगा आणि प्रेसिडेन्सीतून हाकललेला मुलगा एकाच तुरुंगात आगेमागे राहून गेले, हा योगायोग मी अर्थ न लावताच सांगतो.

मला मात्र या संदर्भात जातकांतील एक कथा आठवते. तिळमुठ्ठी जातक हे तिचे नाव. वाराणसीचा राजपुत्र तक्षशिलेस शिकत असतो. वाळत घातलेले तीळ तो तीनदा मूठ भरून चोरून खातो. गुरू त्याला पाठीवर वेताने मारतात. राजपुत्र वरून काही बोलत नाही. विद्या संपवून, गुरूला नमस्कार करून, आपण राजा झालो की अवश्य यावे असे आमंत्रण देऊन तो जातो. मनात योजलेले असते ते गुरूला ठार मारण्याचे. राजा झाल्यावर निरोप येतो. गुरू लगेच जात नाहीत. राजा तरुण आहे तोवर आपल्याला त्याची समजूत घालता येणार नाही, असे ते जाणतात आणि तो मध्यम वयाला येईपर्यंत थांबतात. मग जातात. राजा त्यांना पाहताच लालबुंद होतो, वेताच्या वळांची आठवण काढतो. गुरू शांतपणे सांगतात की त्या दिवशी मी तुला आवरले नसते तर तू तिळांवरून फळांवर, फळांवरून घरफोडीवर गेला असतास आणि आज या आसनावर बसला नसतास. राजाचा राग उतरतो. वेत मारणे योग्य होते की नाही यावर मी कथाकाराशी भांडेन. त्या काळी ते गैर मानीत नसत आणि कथेत त्याचे समर्थनच आहे. मला मोल वाटते ते गुरूच्या थांबण्याचे. शिष्याचा राग अजून जिवंत आहे हे तो मनुष्य वर्षानुवर्षे विसरला नाही, आणि समजूत घालायची वेळ त्याने स्वतःच्या सोयीने निवडली नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजात जानेवारी ते फेब्रुवारी एवढा एक महिना कोणाला तरी थांबून विचारपूस करता आली असती.

ओटेन दीर्घायुषी झाले. १९७३ साली ते इंग्लंडात वारले. सुभाषबाबूंच्या मृत्यूची बातमी आल्यानंतर त्यांनी सुभाषबाबूंवर एक सुनीत लिहिले. ग्रीक पुराणातील इकॅरस हा मेणाचे पंख लावून सूर्याकडे झेपावला होता. त्याच्याशी त्यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याची तुलना केली आहे. जिन्यापाशी झालेल्या त्या माराची आठवण कवितेत आहे. तक्रार नाही.